राफिउचं अक्षर

राफिउशी मी दोनदा लग्न केलं. पहिल्यांदा आईने सांगितलं म्हणून, दुसऱ्यांदा त्याची चिठ्ठी आली म्हणून. मधल्या काळात तलाक झालेला, आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. मुराफुशीसारख्या बेटावर ते किती अवघड असतं ते बेटावरच्या माणसालाच कळेल, कारण सकाळी झाडू घेऊन किनाऱ्याकडे निघालं की निम्मं गाव वाटेत भेटतं. चिठ्ठीत गोडगोड काही नव्हतं. 'तुझी खवणी माझ्याकडे राहिली आहे. घेऊन जा, नाहीतर तूच ये,' एवढंच. पण अक्षर असं की वाचताना तो समोर उभा राहून बोलतोय असं वाटावं. मी खवणी आणायला गेले ती तिथेच राहिले.

त्याच्या अक्षराचं सगळ्या बेटावर हे असंच होतं. तो बेटाच्या कार्यालयात कारकून. कार्यालयाला जे म्हणून सांगायचं असेल ते तो बोरूने लिहायचा आणि समोरच्या फळ्यावर लावायचा. तांदळाची बोट कधी लागणार, डॉक्टर कधी येणार, कोण वारलं, कुणाची नवी बोट पाण्यात ओढायला माणसं हवीत. खाली शिक्का असायचा, बेटाच्या प्रमुखाची, म्हणजे कथीबची सही असायची. पण तिकडे कोण बघतंय? लोक अक्षर बघायचे आणि घरी जाऊन सांगायचे, "राफिउबे म्हणतोय, उद्या तांदूळ येणार." बे म्हणजे आमच्याकडे दादा, दाइता म्हणजे ताई. कार्यालय म्हणतंय असं कुणी कधी म्हटलं नाही. कथीब जळायचा. "बेट मी चालवतो की हा बोरूबहाद्दर?" असं चहाच्या दुकानात बसून विचारायचा, आणि लोक हसून सुपारी कातरत राहायचे.

एकदा कथीबने त्याला लिहायला सांगितलं की विहिरीजवळची नीरफणसाची झाडं मालकिणीच्या संमतीने तोडणार आहेत. राफिउने बोरू खाली ठेवला आणि उठून कदीजाच्या घरी गेला. झाडं तिची. तिला बिचारीला पत्ताच नव्हता. परत येऊन हा म्हणाला, "तिला विचारलंच नाही कुणी. मी लिहिणार नाही." कथीबने त्याला नाही नाही ते ऐकवलं. पण दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर लोकांनी मानलं नसतं, म्हणून झाडं वाचली. अजून आहेत. मुराफुशीवर आता माणसं नाहीत, झाडं आहेत.

तेव्हापासून सगळ्यांनी डोक्यात पक्कं केलं की राफिउ विचारल्याशिवाय लिहीत नाही. त्याचं लिहिणं म्हणजे दगडावरची रेघ.

त्याची अक्षरं पुढे झुकलेली असायची, अजान ऐकून लगबगीने निघालेल्या माणसांसारखी. आणि आमच्या काही अक्षरांच्या डोक्यावर एक बारीक कडी येते, सुकुन म्हणतात तिला, ती तो कधी पुरती मिटवायचा नाही. वरच्या बाजूला केसाएवढी फट ठेवायचा. मिटवली की शाई साचून ठिपका होतो, म्हणून लागलेली सवय. बेटावरची सगळी पोरं त्याच्यासमोर बसून, फळीवर पसरलेल्या पांढऱ्या वाळूत बोट फिरवत शिकली, त्यामुळे सगळ्यांच्या कड्या उघड्या. मोठ्या बेटावरच्या शाळेत गेली की मास्तर वही बघून विचारायचे, "मुराफुशीचा ना रे तू?" नक्कल सगळ्यांनी केली, पण राफिउचं ते राफिउचं.

इनाशा आमची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या लग्नाची, म्हणजे खवणीची कमाई. तीही त्याच वाळूत शिकली, मग राजधानीला, मालेला गेली, तिथून मलेशियाला, आणि अक्षरं बनवायचं काम शिकून आली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "अक्षरं आहेत की. आणखी कशाला करायची?"

"कपडेही आहेत की मम्मा. मग तू ईदला नवीन का शिवतेस?"

उत्तर देण्यात ती बापाच्या वर. एका सुट्टीत ती संगणक घेऊन आली आणि राफिउसमोर बसली. म्हणाली, मालेतल्या पाट्या बघवत नाहीत. काही अक्षरं टंकयंत्रातून खिळ्यासारखी पडलेली, काही इंग्रजी अक्षरांना आपले कपडे घातल्यासारखी. तिला असं हवं होतं जे फोनवरही नीट बसेल आणि माणसाच्या हातातलंही वाटेल. आणि तो हात तिला बापाचा हवा होता. राफिउने जुने कागद काढून दिले. पहिले दोन दिवस दोघं साखरेसारखी गोड होती. मग भांडण सुरू झालं.

"बप्पा, ही सगळी पडतायत. लहान केली की एकमेकांच्या अंगावर पडतात. सरळ उभी करूया."

"पडत नाहीत, चालतायत. तू त्यांना खांबाला बांधायला निघालीस."

"फोनवर इतकं चालायला जागा नसते."

"मग फोन मोठे घ्या म्हणावं."

"आणि हे वरचे स्वर इतके उंच? दोन ओळींमधून बोट जाईल!"

"जाऊ दे ना. त्यांना वारा नको?"

मी मध्ये चहा आणि मासे भरलेली भजी ठेवायची, ती खाण्यापुरती दोघं गप्प. सुट्टी संपेपर्यंत अर्धा झुकाव त्याने सोडला आणि अर्धा सरळपणा तिने. स्वर थोडे खाली आले. राहिली ती कडी. इनाशा म्हणाली, "माझ्याबरोबर काम करणारे सगळे म्हणतात ही फट बंद कर. बारीक अक्षरात घाण बसल्यासारखी दिसते. आजकाल कुणी असं ठेवत नाही."

राफिउ एरवी वाद घालायचा, पण त्या दिवशी घातला नाही. म्हणाला, "बंद कर. पण मग ते माझं नव्हे. दुसऱ्या कुणाचं नाव दे त्याला."

तिने फट ठेवली.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली आणि एक छापलेला कागद त्याच्या हातात दिला. त्यावर बेटावरची जुनीच सूचना होती, विहिरीत औषध टाकल्याची. राफिउने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे मी कधी लिहिलं?"

इनाशा इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. राफिउला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर तो हसला नाही, डोळे पुसायला लागला. अक्षरांना तिने त्याचंच नाव दिलं होतं. आणि बापाचं अक्षर विकायचं नाही, म्हणून ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं असं जाहीर केलं होतं. मी शेजारीपाजारी गोड भात वाटला. त्याचा बालपणापासूनचा मित्र ईसाबे, जन्मभर मासेमारी केलेला, तोंडाने खारट माणूस, दोनदा भात घेऊन म्हणाला, "म्हणजे हा मेल्यावरही बोलत राहणार! मेल्यावर तरी गप्प बसेल अशी आशा होती मला."

त्या सुमारास कार्यालय जाऊन कौन्सिल आलं होतं, राफिउ निवृत्त झाला होता आणि त्याच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. फळ्यावर आता संगणकातले कागद लागायचे, ते लोक वाचायचे नाहीत. सरळ आत जाऊन रिज़नाला, म्हणजे तिथल्या कारकून मुलीला विचारायचे, "काय म्हणतंय ते?" रिज़नाचा संगणक जुना, त्यात अक्षरंही जुनी, खिळ्यांची. इनाशाची अक्षरं आमच्या फळ्यावर कधी आली नव्हती. मालेत मात्र ती दिसायला लागली होती, बिस्किटांच्या पुड्यावर, फेरीबोटीच्या तिकिटावर. इनाशा फोटो पाठवायची आणि राफिउ ते होळुआशीवर, किनाऱ्यालगतच्या बैठकीच्या छपराखाली, सगळ्यांना दाखवत फिरायचा. ईसाबे म्हणायचा, "बिस्किटावर चढलास! आता उंदीर तुला खाणार."

मग हिरिगादूची गोष्ट निघाली. भर टाकून मोठं केलेलं बेट, दवाखाना, मोठी शाळा, उंच इमारती. आमच्यासारख्या लहान बेटांवरच्या लोकांनी तिथे राहायला जावं असं मालेतल्या एका खात्याचं म्हणणं. साहेब आले, आमच्या घरची भजी खाल्ली, निम्म्याहून जास्त घरांनी हो म्हटल्याशिवाय काही होणार नाही असं म्हणाले आणि गेले. पोरंबाळं असलेल्यांना जायचं होतं. त्यांचं चूक म्हणवत नाही मला. अडलेली बाई बोटीत घालून न्यायची म्हणजे काय ते मी बघितलंय. पण म्हाताऱ्यांची घरं जास्त होती आणि त्यांचं नाही होतं. कदीजा तर म्हणायची, "माझी झाडं नेणार का हे? मग मी तरी कशाला जाऊ?"

लोक राफिउला विचारायचे. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "विचारायला येतील. आपण नाही म्हणायचं, संपलं. मी आहे ना."

मी आहे ना! हे त्याचं जन्माचं दुखणं.

त्यानंतर त्याच्या हाताचा कंप दाखवायला आम्ही मालेला गेलो आणि इनाशाकडे राहून परत आलो. परत आल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी मी अंगणातली वाळू झाडत होते तेव्हा ईसाबे आला आणि जाळीच्या बैठकीवर, जोलीवर बसला. नेहमीसारखा ओरडत आला नाही.

"सन्फा, राफिउ कधी तयार झाला गं?"

"कशाला?"

"जायला. मालेला जाऊन ठरवून आलात वाटतं. आम्हाला आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुझं डोकं उन्हाने फिरलंय का?"

"फळ्यावर लिहिलंय त्याने," ईसाबे म्हणाला. "माझं डोकं फिरलंय, डोळे नाहीत."

राफिउ आतून आला. आम्ही तिघं गेलो. फळ्यासमोर गर्दी होती, आणि गर्दीने वाट दिली, जशी पूर्वी तो कागद लावायला यायचा तेव्हा लोक द्यायचे. कागद मालेहून सकाळच्या फेरीने आला होता. 'आपल्या सर्वांच्या भल्यासाठी मुराफुशीचे लोक हिरिगादूला राहायला जात आहेत. घरातल्या मोठ्या माणसाने कौन्सिलमध्ये येऊन संमती द्यावी.' झुकलेली अक्षरं. कड्या उघड्या.

मला माझी शरम वाटते, पण खरं सांगते, क्षणभर मीसुद्धा त्याच्याकडे वळून बघितलं.

राफिउने चष्मा लावला. कागदाच्या जवळ गेला, मागे आला.

"हे मी कधी लिहिलं?" तो म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

तेवढ्यात कौन्सिलच्या दारातून कदीजा बाहेर आली, अंगठ्याला शाई लागलेली; संमतीला सही करणाऱ्यालाही अंगठा द्यावाच लागे. राफिउला बघून जवळ आली आणि म्हणाली, "दिला बाबा अंगठा. मन होत नव्हतं. पण म्हटलं, राफिउबे म्हणतोय म्हणजे सगळ्यांना विचारूनच म्हणत असणार. मलाच विचारायचं राहिलं असेल."

राफिउचा उजवा हात लटलट हलत होता, तो त्याने डाव्या हाताने धरला.

"कदीजा, हे माझं नाही. मी नाही लिहिलं."

"अक्षर तुझं नाही?"

तो पुन्हा फळ्याकडे वळला. खोटं बोलायची सवय नाही ना! दुसरा असता तर म्हणाला असता, नाही, माझं नाही. हा म्हणाला, "अक्षर माझंच आहे."

रिज़ना धावत आली. पोरगी शहाणी. तिने सगळ्यांना सांगितलं की हा फॉन्ट आहे, इनाशाने केलेला, कुणीही वापरतं, बिस्किटावर नाही का? तरुण पोरांना ठाऊकच होतं, त्यांनी माना हलवल्या. म्हाताऱ्यांनीही ऐकून घेतलं. मग कदीजा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कळतं गं आम्हाला. यंत्राने छापलं, राफिउबेने नाही. पण वाचताना कानात आवाज त्याचाच येतो, त्याला काय करू?"

मलाही तोच येत होता.

घरी आल्यावर मी इनाशाला फोन लावला. तिने सगळं ऐकलं, थांब म्हणाली, खात्यात फोन केला आणि दुपारी परत फोन केला. खात्यातल्या माणसाने तिचे आभार मानले होते. साहेबांना अक्षर फार आवडलं, म्हणाला, सरकारी वाटत नाही, घरचं कुणीतरी समजावून सांगतंय असं वाटतं, म्हणून सगळ्या लहान बेटांना त्यातच लिहायचं ठरलं. ती भांडली. तो म्हणाला, ज्याला हवं त्याने घ्यावं असं तुम्हीच लिहिलंय ना?

"मग परत घे," मी म्हणाले.

"परत घेता येत नाही मम्मा. कुणाकुणाच्या संगणकात गेलाय मला माहीतसुद्धा नाही."

"मग त्या कड्या बंद कर."

"नवा केला तरी ज्यांनी जुना घेतलाय त्यांच्याकडे जुनाच राहणार."

माझा तोल गेला. "मग केलंस कशाला इतकं हुबेहूब? थोडं वाईट करता आलं नाही तुला?"

ती रडायला लागली. राफिउने फोन माझ्या हातातून घेतला. "इनू, उत्तम केलंयस. मम्माचं ऐकू नकोस," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "तिला काय बोलतेस? आपलेच दात आणि आपलेच ओठ."

संध्याकाळी तो घरोघरी निघाला. मी बरोबर गेले, कारण त्याला एकट्याला सोडवेना. प्रत्येक घरी चहा झाला, सुपारी झाली. तो म्हणायचा, संमती देऊ नका. ते विचारायचे, मग लिहिलंस का? तो म्हणायचा, मी नाही लिहिलं. ते म्हणायचे, हो, यंत्राने लिहिलं, रिज़नाने सांगितलं. आणि मग, अगदी प्रेमाने, "पण राफिउबे, तुझं लिहिलेलं कधी खोटं ठरलंय का?" तो तोंडाने नाही म्हणत होता आणि फळ्यावर हो म्हणत होता, आणि जन्मभर त्यानेच शिकवलं होतं की तोंडाच्या गप्पा सोडा, फळ्यावरचं खरं. एका घरी तर म्हातारा चिडला. "लिहिताना एक आणि बोलताना एक? तू असा नव्हतास रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी राफिउने पेटीतून बोरू काढला. मी म्हटलं, "तुझा हात?" तो म्हणाला, "हात माझाच आहे, जाईल कुठे." चटईवर बसून लिहायला लागला. दोन ओळी लिहायच्या होत्या. 'हिरिगादूची सूचना मी लिहिलेली नाही. संमती देण्याआधी मला भेटा. राफिउ.' कागदामागून कागद वाया गेला. कंप आला की रेघ सापासारखी वळायची, स्वर भलत्याच अक्षरावर बसायचे. कडीची फट सोडायची म्हटलं तर कडीच फाटायची. मी त्याचं मनगट धरून बघितलं, तर ते त्याचं राहीना, माझं व्हायला लागलं. त्याने हात झटकला. दुपारी शेवटी एक कागद त्यातल्या त्यात बरा निघाला. त्याने तो नेऊन छापील कागदाच्या शेजारी लावला.

तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर बघते तर तो कागद नव्हता.

आम्ही कौन्सिलमध्ये गेलो. कागद रिज़नाच्या टेबलावर, घडी घालून. ती उभीच राहिली. "सन्फादाइता, तीन-चार जण येऊन सांगून गेले की कुणीतरी राफिउबेच्या नावाने खोटा कागद लावलाय. अक्षर बघून मलाही तसंच..."

ईसाबे तिथेच होता. तक्रार करणाऱ्यांत पहिला तोच. "काढायला मीच सांगितलं," तो राफिउला म्हणाला. "कुणीतरी तुझी नक्कल करतंय. आणि किती वाईट! शेजारी तुझा कागद आहे, हा आंधळासुद्धा ओळखेल."

"ईसा, तो मी लिहिलाय."

"तू?" ईसाबे हसला. "हा? अरे, तुझा हात मी ओळखत नाही होय?"

राफिउने रिज़नाच्या टेबलावरचा कागद ओढला, तिचं पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर लिहायला लागला. त्याचं नाव, एवढंच. पेन कागदावर टकटक वाजत होतं. दारात आठ-दहा माणसं जमली होती. नाव पुरं झालं. ते कुणा शाळेत न गेलेल्या पोराने काढल्यासारखं दिसत होतं. राफिउने मान वर करून बघितलं, तेव्हा कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. कुणी छताकडे, कुणी पायांकडे. म्हातारपणी माणसाची लुंगी सुटली की लोक असेच दुसरीकडे बघतात.

ईसाबेचा चेहरा उतरला होता. त्याने ते पेन राफिउच्या हातातून हळूच काढून घेतलं. "असू दे राफिउ," तो म्हणाला. "वय झालं आपलं. तुझा खरा हात तो आहे. फळ्यावरचा."

त्या दिवशी मला वाटलं होतं की ईसाबेला समुद्रात ढकलावं. आता वाटत नाही. त्याला दुसरं काय बोलता आलं असतं?

राफिउ मग होळुआशीवर गेला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसे दिवस गेले. इनाशा फेरीने आली, बापाच्या पायाशी बसून राहिली. तिने वर्तमानपत्राला लिहिलं, खात्याला लिहिलं, कड्या बंद केलेली नवी अक्षरंही करून आणली. राफिउने ती बघितली आणि म्हणाला, "छान आहेत. सरळ चालतायत." एवढंच. महिनाअखेरीस संमती मोजली तेव्हा निम्म्याहून पुष्कळ जास्त निघाली. कदाचित आज ना उद्या हे होणारच होतं. पोरं शाळेसाठी निघूनच चालली होती. पण हो म्हणणाऱ्यांतली कितीतरी म्हातारी माणसं माझ्या तोंडावर म्हणाली, "राफिउबेवर भरवसा ठेवून चाललोय," आणि हे ऐकताना तो दाराआड उभा असायचा.

आम्हीही गेलो. न जाऊन काय करणार? रिकाम्या बेटावर वीज बंद, फेरी बंद. बोटीवर लोकांनी दारं चढवली, पाटे-वरवंटे चढवले, कोंबड्या चढवल्या. कदीजाने नीरफणसाचं एक रोप डब्यात लावून मांडीवर घेतलं होतं. वाटेत ती राफिउला म्हणाली, "तू बरोबर आहेस म्हणून बरं वाटतं बघ." मला वाटलं, बाई, त्यापेक्षा तू त्याला शिव्या दे.

हिरिगादूच्या इमारतीत प्रत्येक दारावर पाटी होती. खात्याने हौसेने सगळ्यांच्या जुन्या घरांची नावं नव्या दारांवर लावली होती, लोकांना परकं वाटू नये म्हणून. जिन्याने वर जाताना एकेका दारावर मुराफुशीचं एकेक घर लागत गेलं. सगळी राफिउच्या अक्षरात. आमच्या दारावर 'गुलिस्तानुगे'. त्यातल्या एका अक्षरावर कडी येते. उघडी.

माझ्या हातात किल्ली होती, पण राफिउ दारासमोरून हलेना. मग त्याने खिशातून जाड काळं पेन काढलं. कधी विकत घेतलं होतं कोण जाणे. उजवा हात डाव्याने घट्ट धरला आणि पाटीपर्यंत नेला. पेन घसरलं, एक रेघ भलतीकडेच गेली. त्याने पुन्हा नेलं. कडीची फट बुजवायला त्याला इतका वेळ लागला की मागून सामान घेऊन येणारे लोक जिन्यात थांबून राहिले. शेवटी कडी मिटली. तिचा काळा ठिपका झाला होता, आणि त्याला शेपूट फुटलं होतं.

तो दोन पावलं मागे आला.

"वाच," तो मला म्हणाला.

मी वाचलं, "गुलिस्तानुगे."

"आता कुणाचा आवाज आला?"

त्याच्या कपाळावर घाम होता. इतक्या आशेने त्याने मला आयुष्यात काही विचारलं नव्हतं, चिठ्ठी पाठवली होती तेव्हासुद्धा नाही.

"कुणाचाच नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडायला लागला. किल्ली भोकात शिरत नव्हती. मी पाटीकडे बघू नये म्हणून त्याच्या हाताकडे बघत राहिले, कारण ते नाव मी अजून त्याच्याच आवाजात ऐकत होते.